पिरेअसमधलं अर्धं घर

६ ऑक्टोबर २०२४

शेखरने आज पुन्हा ग्रीसचा विषय काढला. तिथे घर घेतलं की राहण्याचा परवाना मिळतो आणि मग युरोपातल्या बऱ्याच देशांत व्हिसा न काढता जाता येतं. त्याच्या ओळखीच्या दोन द्राक्ष निर्यातदारांनी घर घेतलंसुद्धा. शेखरला घाई आहे. आमचा अंबडचा द्राक्षांच्या खोक्यांचा कारखाना तो बघतो, पण गेल्या वर्षी फळांच्या प्रदर्शनाला जर्मनीत जाऊन आल्यापासून त्याला नाशिक गैरसोयीचं वाटायला लागलंय.

मी म्हटलं, निफाडला दोन एकर घेताना आपण विहिरीला पाणी किती, रस्ता कुणाच्या हद्दीतून, शेजारी भांडखोर आहे का, सगळं बघतो. इथे अख्खा देश अनोळखी. तो देश काय पिकवतो, काय विकतो, त्याच्या डोक्यावर कर्ज किती, हे मला समजल्याशिवाय मी पैसे हलवणार नाही.

शेखर म्हणाला, मग तेजूला बसवा अभ्यासाला. मला पटलं. शेखरची बायको, आमची सूनबाई, अर्थशास्त्रात एम.ए. आहे, विद्यापीठात वर आली होती. लग्न झाल्यावर कॉलेजात शिकवायचं म्हणत होती. मी नको म्हटलं होतं, आपल्या घराला त्या पगाराची काय गरज. सात वर्षं झाली. मूलही नाही. बरं झालं, शिक्षणाचा काहीतरी उपयोग होईल.

११ ऑक्टोबर

दुपारच्या चहाला तेजूने पहिला धडा घेतला. मला वाटलं होतं टक्केवारी सांगून झोप आणेल. तिने बेदाण्यापासून सुरुवात केली.

दीडशे वर्षांपूर्वी ग्रीस म्हणे बेदाण्यावर जगायचा. बारीक, काळा बेदाणा. फ्रान्सच्या द्राक्षबागांना कीड लागली तेव्हा फ्रेंच लोक ग्रीसचा बेदाणा नेऊन त्याची दारू करायला लागले. भाव असा चढला की लोकांनी ऑलिव्हची झाडं तोडून द्राक्षं लावली. मग फ्रान्सच्या बागा सुधारल्या, त्यांनी माल घेणं थांबवलं, आणि काही वर्षांत ग्रीसच्या सरकारने सावकारांपुढे हात वर केले.

मला एका मिनिटात देश कळला. आमच्याकडे युरोपने द्राक्षांचे कंटेनर परत पाठवले होते तेव्हा माझी खोकी गोदामात पडून कुजली होती. मी तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, हो आबा, तेच.

सात वर्षांत तिच्याशी एवढा वेळ कधी बोललो नव्हतो.

१९ ऑक्टोबर

आज ग्रीसचं दिवाळं. तेजूने नीट समजावलं. युरो आल्यावर स्वस्त कर्ज मिळायला लागलं, ते घेत राहिले. २००९ मध्ये नवं सरकार आलं आणि म्हणालं, आधीच्यांनी सांगितली त्यापेक्षा तूट कितीतरी मोठी आहे. मग सगळं कोसळलं. निवृत्तांची पेन्शन पुन्हापुन्हा कापली, दुकानांना कुलपं लागली, शिकलेली पोरं देश सोडून गेली.

मी विचारलं, तूट तर आपल्या सरकारलाही असते, मग त्यांचंच एवढं का झालं. ती म्हणाली, "तूट असणं एवढं वाईट नसतं, आबा. लपवलेली निघाली की लोकांचा विश्वास जातो."

मला हे वाक्य आवडलं म्हणून लिहून ठेवलं. कारखान्यात अकाउंटंटलाही ऐकवलं.

घरं स्वस्त का झाली हेही तिने सांगितलं. लोकांना हप्ते भरता आले नाहीत. बँकांनी ती कर्जं परदेशी कंपन्यांना विकली, त्यांनी घरं लिलावात काढली. आता भाव पुन्हा चढलेत, कारण बाहेरचे येऊन घेतायत आणि तिथल्या तरुण पोरांना भाडंसुद्धा परवडत नाही. म्हणाली, आपण घेऊ ते घर कुणाच्यातरी नाइलाजातून आलेलं असेल, हे ध्यानात ठेवून घ्यायचं.

बायकांना अशा गोष्टी लागतात. आम्ही व्यापारी माणसं नाइलाजाचाच भाव करतो.

१० नोव्हेंबर

आज शेखर मला गाडीत घालून गंगापूर धरणाच्या बाजूला घेऊन गेला. वाटलं, जागा दाखवायची असेल. तिथे गाडी उभी करून त्याने सांगितलं की पुण्यात छाया नावाची बाई आहे, एका निर्यात कंपनीत कामाला. दोन वर्षं चालू आहे. तिला दिवस गेलेत.

मी आधी त्याच्या थोबाडीत दिली. मग विचारलं, कितवा महिना.

तिसरा.

मी त्याला गाडी वळवायला लावली. घरी पोचायच्या आधी त्याने बाकीचं सांगितलं. तेजूला सोडायचं आहे, पण आत्ता नाही. परदेशात पैसे पाठवायला रिझर्व्ह बँकेने दर माणशी मर्यादा घातलेली आहे, आणि एकट्या शेखरच्या नावाने सगळी रक्कम जात नाही. दोघांनी मिळून घर घेतलं तर एकाच घरावर परवाना मिळतो, पण ते दोघं नवराबायकोच असावे लागतात. बाप-लेक चालत नाहीत. एप्रिलमध्ये नवं आर्थिक वर्ष लागलं की मर्यादा पुन्हा मोकळी होते, पण तोवर थांबायची शेखरची तयारी नाही. म्हणजे खरेदी होऊन अर्ज जाईपर्यंत तेजू सून म्हणून हवी. नंतर तिला सटाण्याला माहेरी पाठवायचं, कागदं करायची, आणि तिच्या नावचा अर्धा हिस्सा परत लिहून घ्यायचा. ती नाही म्हणणारी नाही, असं शेखरचं मत.

मी हो किंवा नाही काहीच म्हटलं नाही. पण त्याला कळलं.

१२ नोव्हेंबर

जेवायला तेजू वाढत होती. मला तिच्याकडे बघवेना. दुसऱ्या भाकरीला बघवलं.

१५ नोव्हेंबर

शेखरने फोनवर सोनोग्राफीचा फोटो दाखवला. काही समजत नाही त्यात, राखेत बोट फिरवल्यासारखं दिसतं. तरी मी चष्मा पुसून तीनदा बघितला. शेखरची आई जाऊन चार वर्षं झाली. तिला नातवंड बघायला मिळालं नाही.

तेजू वाईट नाही. मी तिला वाईट म्हणणार नाही कधी. पण माणसाने एका वेळी किती जणांचं बघायचं.

२१ नोव्हेंबर

काल मतदान करून आलो. आज तेजूने घर शोधून काढलं. अथेन्सला लागून पिरेअस म्हणून बंदर आहे. तिथे बूट शिवायचा जुना कारखाना होता, तो पाडून नाही, बदलून त्याची घरं केलीत. अशा बदललेल्या इमारतीला परवान्यासाठी रक्कम कमी लागते. ही मेख शेखरच्या मुंबईच्या एजंटनेही सांगितली नव्हती. सप्टेंबरपासून नियम बदलले, ते तिने मुळातून वाचले. दोन खोल्या, स्वयंपाकघर, आणि खिडकीतून जहाजांची धुराडी दिसतात. कारखान्याचं घर म्हटल्यावर मलाही जवळचं वाटलं.

तिथली वकीलबाई इंग्रजी बोलते. तेजूने तिला इतके प्रश्न विचारले की बाई हसायला लागली. दोघांचे करक्रमांक वेगळे, बँक खाती वेगळी, जो जेवढे पैसे पाठवेल तेवढा त्याचा हिस्सा खरेदीखतात स्पष्ट लिहायचा. मी विचारलं, एवढं कशाला. ती म्हणाली, तिथला कर खातं ते मोजूनमापून घेतं, उद्या चौकशी आली तर घोळ नको. अशी बारकाई शेखरमध्ये असती तर मी दहा वर्षांपूर्वी निवृत्त झालो असतो.

शेजारी विद्यापीठ आहे. एक खोली विद्यार्थिनीला भाड्याने दिली तर एका माणसाचा महिन्याचा खर्च निघेल का, हेही तिने विचारून घेतलं. पैसा कामाला लावायची दृष्टी आहे पोरीला.

२ डिसेंबर

तेजूची आई बयाबाई ओट्यावरून पडली. खुब्याचं हाड मोडलं, मालेगावला ऑपरेशन. तेजू म्हणाली, आठवडाभर जाऊन येते. पण या आठवड्यात वकीलबाईला मुखत्यारपत्र पाठवायचं आहे आणि रोज काहीतरी व्हिडिओ कॉल असतो. शिवाय एकदा माहेरी बसली आणि कुणी काही कानावर घातलं तर. मी सांगितलं, ऑपरेशन डॉक्टर करणार, तू तिथे बसून काय करणार. उद्या सकाळी जा, संध्याकाळच्या आत ये. मोठी गाडी दिली, ड्रायव्हर दिला, आणि ड्रायव्हरला बजावलं की तिला बरोबरच घेऊन यायचं.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. सकाळी न्यायच्या डब्याची तयारी करायला लागली.

३ डिसेंबर

वेळेत आली. डोळे सुजले होते. कपडे बदलून सरळ कॉलला बसली.

संध्याकाळी तिचे वडील कारभारी यांचा फोन. गाडी पाठवली म्हणून आभार मानत होते. मग म्हणाले, "व्याही, पोर सुखमा शे ना? दिसाले वाळेल दिखनी."

मी म्हटलं, वाळली वगैरे काही नाही, सुखात आहे. परदेशात घर घेतोय आपण, तिच्या नावाने. म्हातारा फोनवर रडला.

१३ डिसेंबर

आज बँकेत जाऊन पैसे पाठवले. तेजूच्या खात्यात मी आधीच बक्षीसपत्र करून रक्कम भरली होती. सासऱ्याने सुनेला दिलं तर कर लागत नाही, हेही तिनेच सांगितलं होतं.

शेखर आधी पुढे गेला होता. गाडीत मी आणि तेजू. त्र्यंबक नाक्याला सिग्नल लागला. ती खिडकीबाहेर बघत होती. तसंच बघत म्हणाली, "आबा, सही करायच्या आधी मला काही माहीत असायला हवं का?"

 दोन क्षण वाटलं, सांगून टाकावं. तिने मला दोन महिन्यांत एक देश शिकवला. औषधाच्या गोळ्या तीच सकाळ-संध्याकाळ हातावर ठेवते. सांगितलं तर ती काय करेल याचा अंदाजही येत नव्हता, आरडाओरडा करणारी नाही. पण तो राखेतला फोटो डोळ्यासमोर आला.

मी म्हटलं, "अभ्यास तू केलास. तुलाच जास्त माहीत."

ती हो म्हणाली. सिग्नल सुटला. बँकेत तिने सगळीकडे नीट, सावकाश सह्या केल्या.

घरी आल्यावर मी स्वतःला विचारलं, मी खोटं बोललो का. नाही. काही बोललोच नाही.

२८ डिसेंबर

तेजू स्वयंपाकघरात कामाच्या भागुबाईला ग्रीक शिकवते. भागुबाई मला सकाळी चहा देताना "कालिमेरा" म्हणाली. सुप्रभात असा अर्थ. हसू आलं. ही पोर गेली की भागुबाईला सवय व्हायला वेळ लागेल.

जानेवारीत दोघांनी तिथे जायचं, खरेदीखत करायचं, परवान्याचा अर्ज द्यायचा, बोटांचे ठसे द्यायचे. शेखरने ठरवलंय की सगळं उरकलं की तिथेच तिला सांगायचं. इथे सांगितलं तर नातेवाईक गोळा होतात. तिथे कोण आहे तिचं. विमानातून उतरली की गाडीने परस्पर सटाणा. मला हे जरा कठोर वाटलं. तसं बोललोही. मग म्हटलं, तुझा संसार आहे, तू बघ.

मी तिला नवी मोठी बॅग घेऊन दिली. मेनरोडला स्वतः गेलो. थंडी असते तिकडे, चांगला लोकरी कोटही घेतला. महागातला.

९ जानेवारी २०२५

आज दोघं मुंबईला विमानासाठी निघाले. तेजूच्या बॅगा जड होत्या. पुस्तकं नेली, पदवीची सर्टिफिकेटं नेली. शेखर वैतागला, आठवड्यासाठी एवढं कशाला. ती म्हणाली, अर्जाला काय लागेल सांगता येत नाही. खरं आहे. सरकारी कामात जास्तीचे कागद असलेले बरे.

निघताना पाया पडली. नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकली होती. माझ्या तोंडून सवयीने "अखंड सौभाग्यवती भव" निघून गेलं. शेखर दारात उभा होता, त्याने खाली बघितलं. तेजूने मात्र माझ्याकडे बघितलं, आणि मला वाटतं ती हसली.

१८ जानेवारी

शेखरचा फोन आला. खरेदी झाली, अर्ज गेला, ठसे झाले. मी देवापुढे साखर ठेवली. मग तो म्हणाला, काल तेजूला सांगितलं.

काय म्हणाली?

ठीक आहे म्हणाली. त्याच्या परतीचं तिकीट आणि पासपोर्ट त्याच्या हातात दिला, म्हणाली, उद्या तुमचं विमान आहे. ती येत नाही. अर्जाच्या पावतीवर तिथे राहता येतं. अर्धं घर तिचं आहे. एक खोली तिने विद्यापीठातल्या पोरीला भाड्याने देऊनही टाकली, पुढच्या महिन्यापासून.

मी विचारलं, तू काय केलंस मग. तो म्हणाला, ती भांडली असती तर काही करता आलं असतं.

२० जानेवारी

शेखर आला. दिवसभर खोलीत. मी दुपारी तेजूला फोन लावला. शेखरच्या सांगण्यावरून नाही, माझ्या मनाने.

तिने लगेच उचलला. आधी तब्येत विचारली. मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, झालं ते झालं, शेखरचं चुकलं, पण पैसे माझे आहेत. आणि छायाला आता सहावा महिना लागेल, तू संमती दिलीस तर कोर्टातून लवकर मोकळं होता येईल. पोराला बापाचं नाव लागू दे. पोराचा काय दोष.

तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, छायाचं तिला गणपतीपासून माहीत होतं. मुलाचं दिवाळीत कळलं, छायाने स्वतःच फोन करून सांगितलं होतं. म्हणाली, मी अभ्यास करत होते तोवर रोज वाटायचं, आबा आज सांगतील.

मी म्हटलं, म्हणजे तू मला फसवलंस.

"अभ्यास करायला तुम्हीच सांगितलं होतं," ती म्हणाली. आवाज नेहमीसारखाच, चहा देतानाचा.

आणि घटस्फोटाचं?

"मला घाई नाही, आबा."

फोन तिने ठेवला की मी, आठवत नाही.

४ फेब्रुवारी

वकिलाकडे जाऊन आलो. जुने स्नेही आहेत, तरी कागद बघताना त्यांना हसू आवरेना. बक्षीसपत्र माझ्या सहीचं, राजीखुशीने दिल्याचं. पैसे तिचे म्हणून बँकेला लिहून दिलेलं. ते म्हणाले, परत मागायचं तर कोर्टात उभं राहून सांगावं लागेल की बक्षीस खोटं होतं, नियमाला चुकवायला सुनेचं नाव वापरलं, आणि तिला घराबाहेर काढायचं आधीच ठरलं होतं. एवढं शपथेवर सांगणार असाल तर दावा लावतो. मी फाइल उचलली.

छायाच्या आईने निरोप पाठवलाय. शेखर कायद्याने मोकळा होईपर्यंत त्यांची मुलगी नाशकात पाय ठेवणार नाही. बाळंतपण पुण्यात, बारसंही पुण्यात, आणि मला त्यात बोलावणं असेल की नाही ते बघू, असं ऐकवलं. एकतर्फी घटस्फोटाला कारण लागतं. तेजूत काही कारण सापडत नाही. शेखर म्हणतो, आठवून बघा काहीतरी, तुम्ही रोज दुपारी तिच्यासमोर बसायचात. मी खरंच आठवून बघितलं.

दुपारी चहाच्या वेळी मी टेबलावर जाऊन बसतो. भागुबाई विचारते, ताई कधी येणार. मी पेपर उघडतो. आज त्यात ग्रीसचं काहीतरी होतं, एका बेटावर सारखे भूकंप होतायत, लोक बोटींनी निघून चाललेत. पिरेअसला येतात म्हणे त्या बोटी. त्याचा घरांच्या भावावर काय परिणाम होईल, ते विचारायला कुणी नव्हतं.

१६ फेब्रुवारी

आज सटाण्याला गेलो. एकटा. शेखर म्हणाला होता, बापाचं ऐकेल ती, त्याला सरळ सगळं सांगा, पोरीला समजावायला लावा. मीही ठरवून निघालो होतो. वाटेत वाक्यं जुळवली.

दारात रांगोळी होती. मी येतोय एवढंच फोनवर कळवलं होतं. कारभारींनी भाऊबंद बोलावले होते, पंधरा-वीस माणसं ओटीवर बसलेली. आत बायका खापरावर मांडे करत होत्या. बयाबाई वॉकर धरून दारापर्यंत आली, मी नको नको म्हणत असताना वाकायला गेली, आणि खुब्यातून कळ आली म्हणून तशीच थांबली.

तेजूने त्यांना काहीच सांगितलेलं नाही. म्हणजे एवढंच सांगितलंय की परदेशातलं अर्धं घर सासऱ्यांनी माझ्या नावाने केलं, ते सांभाळायला मला तिथे राहावं लागतं, आईच्या पायाच्या व्यायामाचे पैसे पुढच्या महिन्यापासून मी पाठवेन. रोज फोन करते. घराचे फोटो पाठवते. म्हातारा मला एकेक फोटो दाखवत होता, ही खिडकी, हे जहाज. एका फोटोत ती कोट घालून बंदरावर उभी होती. मी घेतलेला कोट.

मी म्हटलं, कारभारी, जरा आत बसू, बोलायचं आहे. ते म्हणाले, आधी आमचं होऊ द्या.

मला पाटावर बसवलं. टोपी घातली, टॉवेल खांद्यावर ठेवला, हातात नारळ दिला. कुणीतरी मोबाइलवर फोटो काढत होतं, तेजूला पाठवायला. कारभारी उभे राहिले, सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"आमन्या सात पिढ्यामा बाईना नाववर घर नव्हतं. व्याहीसनी करं."

माणसं माना हलवत होती. मागे बसलेला एक जण आपल्या शेजाऱ्याला सांगत होता, असा सासरा मिळायला नशीब लागतं.

बोलायचं होतं. खरंच तोंड उघडलं होतं मी. बयाबाईने मांड्यावर तूप ओतलं आणि म्हणाली, जेवा. मी जेवलो. दुसरा मांडा आग्रहाने वाढला, तोही खाल्ला. पुरण गोड झालं होतं. कारभारी समोर बसून, मी घास घेतो कसा ते बघत होते.

परत आलो तेव्हा शेखर फाटकातच उभा होता. काय म्हणाला म्हातारा, विचारलं.

मी सांगितलं, घरी नव्हते.